किंमत सांगितल्यानंतर

"शेवटचे किती?" लॉन्ड्रीवाल्याने विचारलं.

"पहिले सांगितले तेच," पेंटरची सून म्हणाली.

बस, एवढंच झालं. पण पार्टिशनच्या मागे बसून व्हिनाइलच्या अक्षरांभोवतीचा फालतू भाग सोलणाऱ्या पेंटरच्या हातातला चिमटा खाली पडला, आणि तो उचलायचंही त्याला सुचलं नाही. हा प्रश्न त्याने आयुष्यभर ऐकला होता आणि त्याचं उत्तर एकच असतं असं तो आयुष्यभर धरून चालला होता: पहिल्यापेक्षा कमी. आताही कमी केलेला आकडा त्याच्या जिभेवर येऊन बसला होता, ओठ उघडलेही होते, मग त्याला आठवलं की आपल्या तोंडाला कुलूप आहे. घशातली गाठ काढल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, आवाजाला पूर्ण विश्रांती द्या, कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्याने उलट ताण पडतो. आकडा गिळावा लागला आणि गिळताना घसा दुखला. पलीकडे कुणीच काही बोलत नव्हतं. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी शटर वर ढकललं, लॉन्ड्रीवाल्याची बोटं काउंटरवर वाजत होती. ती शांतता पेंटरच्या अंगावर आली. बोल गं बाई काहीतरी, तो मनात म्हणत होता, निदान चहा तरी विचार, गिऱ्हाईक चाललं हातचं. सुनेने खणातून मोजायची टेप काढली आणि मधे काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "जागा बघायला कधी येऊ?" आणि ज्याने या दुकानातून आजवर एकदाही पूर्ण दर देऊन काही नेलं नव्हतं तो लॉन्ड्रीवाला म्हणाला, "आत्ताच चला."

पेंटरला सगळे पेंटरच म्हणत. ब्रश हातात धरायची वेळ आता क्वचित येई, बरंचसं काम मशीन करी, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. अक्षरं त्याला वश होती. कुठल्या दोन अक्षरांमध्ये किती जागा सोडायची, कुठली गोलाई जरा खाली उतरवायची, हे त्याला मोजावं लागत नसे. घोडं अडायचं ते भाव सांगताना. "दोन हजार होतील," तो म्हणायचा, आणि समोरचा माणूस पाकीट काढायला खिशात हात घालतोय तोवर, "म्हणजे अठराशे द्या. बरं, घरचंच काम आहे, पंधरा द्या." एकदा एक चष्मेवाला पोट धरधरून हसला होता: "पेंटर, अहो मधे मलाही बोलू द्या की!" त्याची बायको होती तेव्हा म्हणायची, "तुम्ही गिऱ्हाइकाच्या बाजूने स्वतःशीच भांडता, आणि हरता." तोही हसायचा. पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, हे त्याचं त्याला ठाऊक होतं. किंमत सांगितल्यानंतरचे ते दोन-चार क्षण त्याला सोसवायचेच नाहीत. त्या क्षणांत समोरचा माणूस आपल्याला तोलतोय असं त्याला वाटायचं, आणि आपलं पारडं वर जाताना त्याला दिसायचं. त्याचं मूळ त्याने कधी खणून पाहिलं नव्हतं. आता मात्र तोंड बंद असल्यामुळे डोक्याला दुसरा धंदाच उरला नव्हता, आणि डोकं नको तिथे जाऊ लागलं होतं. लहानपणी घरात काही मागितलं, कंपासपेटी म्हणा, सहलीचे पैसे म्हणा, की वडील भिंतीकडे बघत बसायचे. ओरडायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत. नुसते भिंतीकडे बघायचे, आणि त्यांचा कंठमणी वरखाली व्हायचा. त्यांनी तोंड वळवायच्या आत भावंडांपैकी कुणीतरी, बहुतेकदा त्यानेच, म्हणून टाकायचं, "राहू दे, मला नकोच होतं." वडिलांची सुटका व्हायची. कुणाला तरी सोडवल्याचं समाधान घेऊन तो मुलगा बाहेर पळायचा. मुलगा म्हातारा झाला, वडील गेले, आणि राहू दे म्हणायचं तेवढं राहिलं.

सून दुकानात आली ती नाइलाजाने. मुलगा नोकरीपायी दूरच्या शहरात, येऊन-जाऊन असायचा. ती दातांच्या डॉक्टरांकडे समोरच्या टेबलावर बसायची, येणाऱ्यांना वेळ द्यायची, फोन घ्यायची. तिथून बिनपगारी रजा काढून ती इथे आली. तोवर सासऱ्या-सुनेचं बोलणं म्हणजे "बाबा, वाढू का?" आणि "वाढ." पेंटर तिला बुजरी समजत होता. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "बाबा, दर कसा ठरवता तुम्ही?" त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहिलं, अंदाजाने. तिने तो तुकडा बराच वेळ हातात धरून पाहिला आणि मग पालथा घालून ठेवला. तो पालथा पुठ्ठा पेंटरला चांगलाच झोंबला. दुपारी डबा खाताना ती आपणहून म्हणाली, "आमच्या दवाखान्यातही विचारतात हो, शेवटचे किती म्हणून. पण दुखायला लागलं की विचारायचे थांबतात. इथे कुणाचं काय दुखतंय, ते आधी बघायला हवं." पेंटरने मान डोलावली. त्याला वाटलं, पोरीला धंद्यातलं काही कळत नाही, आठवड्याभरात रडत घरी बसेल.

लॉन्ड्री पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी होती. खाकी कागदाची गुंडाळी काखोटीला मारून सून पुढे, शिडी घेऊन पेंटर मागे. ही तिची पद्धत कुठून आली कोण जाणे. त्याचा दर दुकानात बसल्या बसल्या फुटांवर आणि अक्षरांवर ठरायचा. ती मात्र काम ठरवायची ते जागेवर उभं राहून. खाकी कागदाची खऱ्या मापाची अक्षरं कापून तिने ती भिंतीवर चिकटवली, भोवती किनार लावली, खाली फोन नंबर, आणि लॉन्ड्रीवाल्याला रस्त्यापलीकडे बसस्टॉपवर पाठवलं. "वाचा," तिने इकडून ओरडून सांगितलं.

"वाचतोय की! माझंच दुकान आहे."

"तुम्हाला पाठ आहे. त्या बाईंना वाचायला सांगा."

बससाठी ताटकळलेल्या एका अनोळखी बाईने डोळे बारीक करून नाव वाचलं, आणि फोन नंबरापाशी अडखळून सोडून दिलं. लॉन्ड्रीवाला तिथूनच म्हणाला, "छान आहे, पण तुमच्या दुकानासमोरचा निम्म्यात देतो." रस्त्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. पेंटरने शिडी घट्ट धरली.

"देतो ना," सून म्हणाली. "फ्लेक्सवर देतो. काम वाईट नसतं त्याचं, उन्हात रंग उडतो एवढंच. थोड्या दिवसांपुरतं हवं असेल तर त्याच्याकडेच करा, उगाच माझ्याकडे पैसे घालू नका."

"अहो, पण तुम्ही काहीतरी कमी करा की!"

"करू. काय काढू?"

लॉन्ड्रीवाल्याला कळलंच नाही. ती शिडीवर चढली, किनार ओढून काढली आणि नवा दर सांगितला. फोन नंबर काढला, दर आणखी उतरला. "आता अक्षरांच्या आतले दिवे काढले असं धरा, बरेच कमी झाले. संध्याकाळी दिसणार नाही, तेवढंच." मग मोठी अक्षरं उतरवून तिने त्या जागी लहान लावली. राग नव्हता, टोमणा नव्हता, ती खरोखर काढत होती आणि खरोखर कमी करत होती. भिंत रिकामी होत चालली. रस्त्यापलीकडे लॉन्ड्रीवाल्याचे हात खिशातून बाहेर आले. इकडे-तिकडे न बघता तो रस्ता ओलांडू लागला, एका गाडीने त्याच्यावर हॉर्न मारला. "मोठी अक्षरं परत लावा," तो आल्या आल्या म्हणाला, "आणि दिवे हवेत. नंबर राहू दे काढलेला, तसाही कोण वाचतो. किनारही नको."

"मग एवढे होतील," तिने आकडा सांगितला. आणि गप्प बसली. अंगठ्याला चिकटलेली टेप सोलत राहिली. पेंटरच्या पायाची बोटं चपलेत वळली. "ठीक आहे," लॉन्ड्रीवाला म्हणाला, आणि मान मागे टाकून पुन्हा भिंतीकडे बघू लागला. परतताना शिडी खांद्यावर घेऊन पेंटर चालत होता, आणि त्या माणसाचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. हरल्याचा नव्हता तो चेहरा. पेंटरकडून स्वस्तात नेणारी माणसं नेहमी जरा चुटपुटत जायची. हा इतक्या चटकन उतरला म्हणजे आणखी उतरला असता, ही शंका ती सोबत घरी न्यायची. कमी घेऊन आपण त्यांना सुख देतो असं तो समजत होता, आणि देत होता ती हुरहूर. हा माणूस जास्त देऊन निश्चिंत झाला होता. हे कळायला त्याला अख्खा जन्म आणि घशातली एक गाठ लागली होती, याचं त्याला रस्त्यातच हसू आलं. हसायलाही आवाज लागतो, म्हणून ते त्याने दाबलं.

त्यानंतर तो लपूनछपून तिच्याकडे बघू लागला. तो सोलायचा व्हिनाइल, पण कान काउंटरवर. पिशव्यांच्या चेन दुरुस्त करणारी एक बाई आली, तिला शेजारच्या शोरूमएवढी पाटी हवी होती आणि ती निम्म्या किमतीत हवी होती. सून तिच्या खोलीपर्यंत जाऊन आली. म्हणाली, "मावशी, तुमच्या दारावर एवढी पाटी कशाला? गल्ली तुम्हाला ओळखतेच. माणसं चुकतात ती कोपऱ्यावर. तिथे नुसता एक बाण लावू." बाणाचे पैसे ते किती! पेंटरने स्वतःच्या हाताने तो बाण रंगवला, ब्रशने, आणि रंगवताना त्याचा ऊर भरून आला. त्याने शोरूमएवढी पाटी पदरमोड करून दिली असती, आणि माणसं कोपऱ्यावर चुकतच राहिली असती. पण सगळेच काही पाघळत नव्हते. एका शिकवणीवाल्याने तिचा दर ऐकला, "लुटायला बसलात की काय?" म्हणाला आणि तडक समोरच्याकडे गेला. मोठं काम होतं, महिन्याचं भाडं निघालं असतं. पेंटरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने पार्टिशनच्या फटीतून पाहिलं. सून शांत बसली होती. पाठ ताठ, चेहरा नेहमीचा. आणि काउंटरच्या खाली, कुणाला दिसणार नाही असे तिचे हात व्हिनाइलच्या चिकट तुकड्यांच्या गोळ्या वळत होते, एकामागून एक, भराभरा. तो बघतच राहिला. म्हणजे हिलाही भीती वाटत होती. ते दोन-चार क्षण हिलाही खात होते. तो समजत होता की हिला भीतीच नाही म्हणून जमतं. तिला ते तितकंच जड जात होतं, तरी ती बसून राहत होती. त्या दुपारी पेंटरला आपल्या सुनेविषयी जे वाटलं त्याला आदर हा शब्द तोकडा होता. आपल्या अर्ध्या वयाच्या माणसाविषयी असं काही वाटू शकतं, हेच त्याला नवीन होतं.

आणि म्हणूनच त्याचा जीव टांगणीला लागला होता. कारण दुकान त्याने जवळजवळ देऊन टाकलं होतं. ऑपरेशनच्या आधी, घशात गाठ सापडली तेव्हाची गोष्ट. समोरचा, तोच तो फ्लेक्सवाला, भला माणूस, बघायला आला होता. सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "काका, द्यायचं झालं तर कितीला द्याल?" पेंटरने एक आकडा सांगितला. समोरचा विचारात पडला, आणि तेवढं पुरलं. "म्हणजे, तुम्ही काय परके नाही, थोडे कमी द्या. बरं, मशीनही धरा त्यातच." समोरच्याने तोंड उघडायच्या आत मशीन गेलं, शिल्लक माल गेला, पाटीवरचं नाव गेलं. "ऑपरेशन होऊ दे काका, आवाज आला की हो म्हणा," असं ठरलं. मुलाला फोनवर सांगितलं, तो म्हणाला, तुम्हाला वाटेल ते करा. सुनेला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हो तेवढं म्हणायचं राहिलं होतं. हा सौदा पुठ्ठ्यावर लिहून सुनेला सांगता आलं असतं. दोनदा त्याने पुठ्ठा हातात घेतलाही, आणि खाली ठेवला. मग एके संध्याकाळी शटर ओढताना तीच म्हणाली, "बाबा, दवाखान्यातली जागा सोडू का? मला इथेच बसावंसं वाटतंय." त्याच्याकडे न बघता म्हणाली, आणि वाट बघत उभी राहिली. पेंटर भिंतीकडे बघत बसला. आपला कंठमणी वरखाली होतोय हे त्याला जाणवलं. ती जराशाने म्हणाली, "घाई नाही, बोलायला लागलात की सांगा." तिने राहू दे म्हटलं नाही. त्या एका गोष्टीने पेंटरला रात्री झोप लागली नाही.

डॉक्टरांनी घशात डोकावून बंदी उठवली. घरी सून म्हणाली, "बोला की बाबा काहीतरी!" तो हसला आणि गळ्यावर हात ठेवला. पहिला शब्द वाया घालवायचा नव्हता, आणि कुठला काढायचा हेही ठरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडून पंखा लावतात न लावतात तोच समोरचा आला. त्याने काउंटरवर एक जाड पाकीट ठेवलं.

"काका! ऐकलं, आवाज मोकळा झाला. आता तेवढं हो म्हणा, बयाणा आणलाय." मग सुनेकडे वळून, अगदी मायेने: "वहिनी, तुम्हीही सुटलात बघा या कटकटीतून."

खाकी कागद कापणारी सुनेची कात्री थांबली. तिने सासऱ्याकडे पाहिलं नाही. ती पाकिटाकडे बघत राहिली, आणि ते पेंटरला जास्त लागलं. त्याने पाकिटाला हात लावला नाही.

"कमी वाटतात का?" समोरचा म्हणाला. "बरं, थोडे वाढवतो मी." पेंटर गप्प. "आणखी वाढवू म्हणता? बघतो, बघू या जमलं तर." समोरचा आता जरा घामाघूम झाला. "काका, बोलायचं अजून बंद आहे का?"

"नाही," सून म्हणाली. तिच्या आवाजात काहीच नव्हतं. "बंदी कालच उठली."

पेंटरच्या जिभेवर जुने शब्द रांगेने येऊन उभे होते. समोर एक भला माणूस अवघडला होता आणि त्याला सोडवायचा मोह अनावर होता. पंखा फिरत होता. पेंटरने ती शांतता तशीच राहू दिली, आणि आत शिरल्यावर त्याला दिसलं की तिच्यात कुणीच त्याला तोलत नाहीये. दोन माणसं नुसती थांबली आहेत.

"नाही," तो म्हणाला. आवाज घोगरा, खोल, कुणा परक्याचा निघाला. "दुकान द्यायचं नाही." पुढचं वाक्य घशात तयार होतंच, म्हणजे बघू पुढेमागे, असं काहीतरी. त्याने तोंड मिटलं.

"आधी सांगायचं ना काका," समोरचा म्हणाला. "मी मशीन ठेवायची जागासुद्धा मोजून ठेवली होती."

"चुकलं माझं."

समोरच्याने पाकीट उचललं, मान हलवली आणि गेला. रस्ता ओलांडून तो आपल्या दुकानात शिरेपर्यंत दोघं बघत राहिली.

"विकणार होता तुम्ही," सून म्हणाली.

"होतो."

"मी दवाखाना सोडायचं बोलले तेव्हाही हे ठरलेलंच होतं."

"हो."

तिचे डोळे भरले. तिने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्याला पुष्कळ काही सांगायचं होतं. भिंतीवरून उतरणारी ती खाकी अक्षरं, काउंटरखालचे ते हात, आणि तिच्याकडे बघून आपल्याला वाटत आलेला तो अभिमान. घसा तेवढा भार सोसेना. "तुझ्यासारखं मला कधी जमलं नाही," एवढंच तो म्हणाला.

तिने कागद काउंटरवर ठेवला. मग म्हणाली, "कितीला?"

त्याने आकडा सांगितला. कमी करायला त्यात काही उरलंच नव्हतं.

"किती?" तिने पुन्हा विचारलं. कात्री खाली ठेवली. "बाबा! मशीनसकट? अहो, एवढ्यात तर मीच घेतलं असतं!"

"मग घे."

तिने मनगटाने नाक पुसलं, काउंटरवरचा कागद सरळ केला आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं.

"आता कुठलं परवडतंय," ती म्हणाली. "आता भाव वाढलाय."